चाकूची मूठ

मोठ्या गोष्टींचे निर्णय घरांत लवकर होतात आणि लहान गोष्टींचे रेंगाळतात, असा आमचा अनुभव आहे. आमच्या धर्माबादच्या घराची मागली पडवी पाडून नव्या खोल्या बांधावयाचें ठरलें, तें एका जेवणाच्या पंक्तींत. थोरल्या पुतणीचें लग्न जमलें, तें दोन बैठकींत. परंतु गेल्या हिंवाळ्यांत एक मिटवावयाचा चाकू घ्यावयाचा झाला, तर तेवढ्याशा खरेदीनें सारें घर दीड महिना गुंतवून ठेविलें. वाद पात्याचा नव्हता, मुठीचा होता. मूठ अ‍ॅल्युमिनियमची असावी कीं टायटॅनियमची? वाचकांस हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. आम्हांसही प्रथम तो तसाच वाटला होता.

आमच्या घरीं पूर्वापार एक चाकू आहे. आमचे आजोबा निजामी अमलांत पटवारी होते. दप्तर मोडींत, तेंही बोरूनें लिहावयाचें. बोरूचें टोंक दिवसांतून दोनचार वेळां तासावें लागे, आणि त्यासाठीं पातळ पात्याचा, खिशांत मावेल असा चाकू जवळ हवा. आजोबांनीं तो हैदराबादेस चारमिनारजवळच्या बाजारांत हाली शिक्क्याचे सव्वा दोन रुपये मोजून घेतला, असें घरांत सांगतात. पात्यावर शेफील्डचें नांव कोरलेलें, आणि मुठीच्या दोहों बाजूंस पितळेचे पत्रे. पुढें १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाचा अंमल संपला, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें. हाली रुपया गेला, पटवारीपण गेलें, बोरूही गेला. चाकू मात्र राहिला, आणि तो आमच्या वडिलांच्या खिशांत आला.

वडिलांना सारें घर अण्णा म्हणतें. त्यांचें वय आज चौऱ्यांशीं आहे. त्यांची हयात शाळामास्तरींत गेली. वर्गांतील मुलांच्या पेन्सिली ते याच चाकूनें करून देत, आणि पेन्सिल परत देतांना शुद्धलेखनाची एखादी चूकही काढून देत. निवृत्तीनंतर चाकूचीं कामें बदललीं: पार्सलाची सुतळी कापणें, श्रावणांत केळीचीं पानें नीट करणें, संक्रांतीला उंसाच्या गंडेऱ्या करणें, आणि दुपारीं ओट्यावर बसून घरांतील मुलांना पेरू कापून देणें. त्या पेरूच्या फोडी सारख्या असत. कोणाला लहान, कोणाला मोठी असें कधीं होत नसे. एकत्र कुटुंबांत ज्यांचें बालपण गेलें आहे, त्यांस या गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको.

गेल्या पौषांत असाच पेरू कापतांना चाकू अण्णांच्या तर्जनीवर मिटला. जुन्या चाकूला अडसर नसतो. पाठीशीं असलेली एक पोलादी पट्टी केवळ आपल्या जोरानें पातें उघडें धरून ठेविते. ती पट्टी तीन पिढ्यांनीं थकली होती, खिळा झिजला होता, आणि खरें सांगावयाचें तर अण्णांच्या हातालाही अलीकडे कंप सुटला आहे. तीन टांके पडले. जखम लवकर भरली. परंतु त्याच संध्याकाळीं वहिनींनीं, अर्थात् चांगल्याच हेतूनें, तो चाकू कपाटांत कुलपाआड ठेविला.

अण्णांनीं तो कधींच मागितला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून दुपारीं मुलें ओट्यावर जमलीं कीं ते म्हणत, “आंत जा. विळीवर चिरून मागा.” मुलें आंत येत, वहिनी पेरू चिरून देत, आणि अण्णा वर्तमानपत्र तोंडापुढें धरून बसत. असे बारा दिवस गेले. तेराव्या रात्रीं जेवणें झाल्यावर आई आम्हां दोघां भावांस म्हणाली, “हात कांपतो म्हणून तुम्हीं चाकू काढून घेतलात. उद्यां डोळ्यांना दिसेनासें झालें म्हणजे पोथी काढून घ्याल. मग त्यांनीं करायचें तरी काय?”

आम्ही दोघे खालीं मान घालून बसलों. दुसऱ्या दिवशीं चाकू नांदेडच्या एका कारागिरास दाखविला. त्यानें खिळा बदलला, पण पट्टीचा गेलेला जोर त्याला परत आणतां येईना. तेव्हां अडसराचा नवा चाकू आणावयाचें ठरलें, आणि तें काम हैदराबादेस यंत्राच्या कारखान्यांत इंजिनियर असलेल्या आमच्या पुतण्याकडे गेलें.

पुतण्या पुढच्या शनिवारीं रेल्वेनें आला. त्याच्या पिशवींत दोन चाकू होते. दोहोंचीं पातीं तीन इंचांचीं, एकाच जातीच्या पोलादाचीं. फरक मुठींत. एक मूठ काळ्या अ‍ॅल्युमिनियमची, दुसरी करड्या टायटॅनियमची. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिप्पट. “दोन्ही वापरून पाहा. जो पसंत पडेल तो ठेवा, दुसरा मी घेईन,” असें म्हणून त्यानें ते अण्णांपुढें न ठेवतां आमच्यापुढें ठेविले. येथेंच पहिली चूक झाली. ज्याच्या हातासाठीं वस्तु आणली, तो हात ओट्यावर होता, आणि चर्चा माजघरांत सुरू झाली.

आमचे दादा मिरचीच्या अडतीचा व्यवहार पाहतात. धर्माबादच्या लाल मिरचीचें नांव सर्वत्र आहे. मोसमांत गांवांत पाऊल टाकतांच पाहुण्यास शिंक येते. दादांनीं दोन्ही चाकू स्वयंपाकघरांतील कांट्यावर ठेविले. अ‍ॅल्युमिनियमचा नव्वद ग्रॅम भरला, टायटॅनियमचा एकशें बारा. “तिप्पट पैसे देऊन वजन जास्त?” दादा म्हणाले. टायटॅनियम म्हणजे विमानांत वापरावयाचा हलका धातु, अशीच आम्हां सर्वांची समजूत होती. पुतण्यानें ती दुरुस्त केली. एक घन सेंटीमीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारें २.७ ग्रॅम भरतें, टायटॅनियम साडेचार, आणि पोलाद पावणेआठच्या वर. टायटॅनियम हलकें म्हणावयाचें तें पोलादाच्या मानानें. मात्र चाकूंत वापरतात तो टायटॅनियमचा मिश्रधातु नेहमींच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूहून सुमारें तिप्पट ताण सोसतो. म्हणून त्याचा पत्रा पातळ ठेवतां येतो. गंमत अशी कीं त्या मिश्रधातूंत शंभरांत सहा भाग अ‍ॅल्युमिनियमच असतें, चार भाग व्हॅनेडियम, आणि बाकीचें टायटॅनियम. म्हणजे ज्या दोघांचें भांडण आम्ही लावीत होतों, ते एका घरांत आधींच नांदत होते!

किंमतीचाही खुलासा झाला. दोन्ही धातु पृथ्वीच्या कवचांत विपुल आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा दगड, म्हणजे बॉक्साइट, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतही खणतात. टायटॅनियमची काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे, आणि केरळांत चवऱ्याच्या किनाऱ्यावर तर फारच आहे. अडचण धातु सांपडण्याची नाहीं, तो सुटा करण्याची आहे. अ‍ॅल्युमिनियमचीही एके काळीं हीच गोष्ट होती. १८८४ मध्यें वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर अ‍ॅल्युमिनियमचें टोंक बसविलें, तेव्हां त्याचा भाव चांदीच्या जवळपास होता. दोनच वर्षांनीं, १८८६ मध्यें, अमेरिकेंत हॉल व फ्रान्सांत एरू या दोघां तरुणांनीं विजेच्या साह्यानें तो काढण्याची रीत शोधिली, आणि मौल्यवान धातूचीं पुढें पातेलीं झालीं. टायटॅनियमला असें भाग्य अजून लाभलेलें नाहीं. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांच्या रीतीस १९४० मध्यें पेटंट मिळालें, आणि आजही तो धातु मुख्यतः त्याच रीतीनें, मॅग्नेशियमच्या साह्यानें, एकेक भट्टी भरून व रिकामी करून काढतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेनें सिद्ध केलेल्या पद्धतीवर चवरा येथें वर्षाला ५०० टनांचा कारखाना २०११ मध्यें सुरू झाला, हें पुतण्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें. शिवाय हा धातु कांतावयास हट्टी. हत्यारें लवकर झिजवितो. म्हणून तिप्पट दाम.

दादांचें मत झालें: अ‍ॅल्युमिनियम. “पेरू कापायला विमान कशाला?” वहिनींनाही काळी मूठ दिसावयास बरी वाटली. आमची नऊ वर्षांची कन्या टायटॅनियमच्या बाजूस होती. त्याचें कारण निराळेंच. टायटॅनियमला रंग न लावतां निळें, जांभळें, सोनेरी करतां येतें, हें तिनें दादाकडून ऐकलें होतें. विजेच्या प्रवाहानें पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढवितात. थराची जाडी बदलली कीं, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे, प्रकाशाचेच रंग दिसूं लागतात. अ‍ॅल्युमिनियमवरही विजेनेंच थर चढवितात, पण तो सच्छिद्र असतो आणि त्यांत खरा रंग मुरवितात. निळा चाकू अण्णांच्या हातांत शोभेल काय, यावर मुलांत मतदान झालें.

आमचें स्वतःचें मत अडसरापाशीं अडलें, कारण बोटावर मिटला तो जुना चाकू आमच्या डोळ्यांपुढून हालत नव्हता. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकूंत मुठीच्या आंत पोलादाची एक वेगळी पट्टी होती. पातें उघडतांच ती बाजूनें सरकून पात्याच्या टांचेमागें उभी राही. ही रचना १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मायकेल वॉकर यांनीं आजच्या रूपास आणिली. टायटॅनियमच्या चाकूंत वेगळी पट्टी नव्हतीच. मुठीच्याच एका बाजूस चीर पाडून तेवढा भाग अडसर म्हणून वांकविला होता. ही युक्ति दक्षिण आफ्रिकेंतील ख्रिस रीव्ह यांची. त्यांच्या प्रसिद्ध चाकूचें नांव ‘सेबेंझा’. झुलु भाषेंत त्याचा अर्थ ‘काम’. अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीला ही युक्ति साधत नाहीं. अ‍ॅल्युमिनियम पुनःपुन्हां वांकविलें कीं थकतें, आणि पात्याच्या घर्षणानें लवकर झिजतें. टायटॅनियम स्प्रिंगसारखें लवतें आणि परत येतें. त्याचाही पोलादापुढें निभाव लागत नाहीं म्हणून चांगल्या चाकूंत अडसराच्या टोंकाशीं पोलादाचा लहानसा तुकडा बसवितात. परंतु या रचनेंत एक मोठा गुण आहे. मूठ जितकी घट्ट धरावी, तितकीं आपलींच बोटें अडसर आंत दाबतात. कांपणाऱ्या हातास याहून चांगला सोबती कोणता?

एवढें सगळें झाल्यावर आई म्हणाली, “त्यांच्या हातांत दिलात का?”

नव्हता दिला. त्या दुपारीं पुतण्यानें दोन्ही चाकू अण्णांच्या पुढ्यांत ठेविले. अण्णांनीं चष्मा पुसला, दोन्ही उघडले. अ‍ॅल्युमिनियमचा पटकन् मिटला. टायटॅनियमचा अडसर अंगठ्यानें ढकलेना. आमच्या साऱ्या विद्वत्तेचा तेथें निकाल लागला! जो अडसर घट्ट बसतो तो सोडवावयासही जोर लागतो, हें आम्हां एकाच्याही ध्यानांत आलें नव्हतें. अण्णा हंसले. “हा तरुणांचा आहे. मला काळा बरा,” ते म्हणाले. दादांनीं आमच्याकडे विजयानें पाहिलें. त्या दिवशीं ओट्यावर पुन्हां पेरू कापला गेला. फोडी थोड्या वांकड्या होत्या, पण सारख्या होत्या.

येथें हा लेख संपावयाचा. परंतु तीन आठवड्यांनीं काळ्या मुठीवर एक पांढुरका डाग दिसूं लागला. डाग अंगठा टेकतो नेमका तेथेंच. रंग उडाला होता, आणि हात लावला तर खरखरीत लागत होतें. दादांना वाटलें, माल खोटा निघाला. पुतण्यानें फोनवर विचारलें, “घाम? मीठ? लोणचें?” अण्णा लोणच्याला हात लावीत नाहींत. तर्क चालले असतां आईनें चाकू हातांत घेतला, डाग पाहिला, आणि शांतपणें म्हणाली, “चुना आहे हा.”

अण्णांना जेवणानंतर एक विडा लागतो. सुपारी अडकित्त्यानें कातरावयाची, पानाचे देंठ व शिरा चाकूनें काढावयाच्या, अंगठ्यानें चुना लावावयाचा, आणि त्याच अंगठ्यानें चाकू मिटवावयाचा, हा साठ वर्षांचा क्रम आहे. पितळेस त्याची बाधा दिसली नव्हती. परंतु अ‍ॅल्युमिनियमवरील तो रंगीत थर आम्लापेक्षांही क्षारापुढें हतबल होतो. ओला चुना हा तीव्र क्षार. थर गेला कीं खालचा धातुही खाल्ला जातो. हें पुतण्यानें मागाहून सांगितलें. आईनें तें आधींच सांगितलें होतें, तिच्या शब्दांत: “अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांत चिंच घालूं नये, ताक ठेवूं नये, आणि सोड्यानें घांसूं नये, काळें पडतें. मला तुम्हीं विचारलेंत कुठें?” चाळीस वर्षें स्वयंपाकघरांत जें ज्ञान रोज वापरलें जात होतें, तें आम्ही हैदराबादेहून मागवीत होतों.

“आणि तो दुसरा चुन्यानें खराब होत नाहीं का?” दादांनीं विचारलें.

“माझ्या खुब्यांत चार वर्षें तोच धातु आहे ना?” आई म्हणाली. पडल्यामुळें तिच्या मांडीच्या हाडांत दांडा बसविला आहे. तो टायटॅनियमचा, हें डॉक्टरांनीं तेव्हां सांगितलें होतें. रक्त, मांस, खारट पाणी यांत राहून जो धातु शरीराशीं भांडत नाहीं, त्याला विड्याचा चुना काय करणार? आमच्या घरांत टायटॅनियम चार वर्षें चालत-फिरत होतें, आणि आम्हीं त्याच्या प्रवेशावर दीड महिना वाद घातला.

आतां प्रश्न राहिला अंगठ्याचा. पुतण्या पुन्हां आला. त्यानें अण्णांना दोन हातांनीं चाकू मिटवावयास शिकविलें: चाकू उजव्या हातांत धरून उजव्याच अंगठ्यानें अडसर सारावयाचा, पण बोटें पात्याच्या वाटेंतून आधींच बाजूस घ्यावयाचीं, आणि डाव्या तळव्यानें पातें पाठीकडून हळूहळू लोटावयाचें. पहिले दोन दिवस अण्णांना तें जमलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं जमलें. शाळेंत मुलांकडून पाढे घोकून घेतलेल्या माणसाला सरावाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.

तरीही अण्णा तो ठेवून घेईनात. एके संध्याकाळीं त्यांनीं चाकू आमच्या हातीं परत दिला आणि म्हणाले, “उगं तिप्पट पैसे कशाला रे? हा म्हणे शंभर वर्षें टिकतो. मला किती दिवस वापरायचाय?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. घनता, ताण, क्षार, सगळें आम्हांस आतां पाठ होतें. पण चौऱ्यांशीं वर्षांच्या माणसाला टिकाऊ वस्तु कशासाठीं द्यावी, हें त्यांतल्या कोणत्याच आंकड्यांत नव्हतें. कमी टिकणारी वस्तु पुढें करावी, तर तिचा अर्थ फार वाईट होतो. जास्त टिकणारी द्यावी, तर ती थट्टा वाटते. आम्ही गप्प उभे राहिलों. दादाही कांहीं बोलले नाहींत.

आई दिवा लावीत होती. मागें न पाहतांच ती म्हणाली, “तुमच्यासाठीं कुठें घेतोंय? घरासाठीं घेतोंय. मामंजींनीं घेतला तेव्हां त्यांनीं दिवस मोजले होते काय?”

अण्णा थोडा वेळ तसेच बसले. मग त्यांनीं हात पुढें केला, आणि आम्हीं चाकू त्यांच्या तळहातावर ठेविला.

वाचकांपैकीं कोणास असा चाकू घ्यावयाचा असेल, तर आमचा सल्ला दादांसारखाच आहे: बहुतेक कामांस अ‍ॅल्युमिनियम पुरेसें आहे. तें हलकें आहे, स्वस्त आहे, आणि त्यावरील थर चांगला असेल तर ओरखडे सहसा उठत नाहींत. टायटॅनियमवर ते लवकर उठतात, मात्र खालचा धातु त्याच रंगाचा असल्यानें डोळ्यांत भरत नाहींत. वैशाखांत ओट्यावर राहिलेली अ‍ॅल्युमिनियमची मूठ हाताला चटका देते, हिंवाळ्यांत गार लागते. त्याच्या मिश्रधातूंतून उष्णता टायटॅनियमच्या मिश्रधातूपेक्षां वीसपट अधिक वेगानें वाहते. परंतु हे सर्व विचार दुय्यम. हत्यार घेण्यापूर्वीं तें ज्या हातांत जावयाचें तो हात पाहावा. त्याचा जोर, त्याची संवय, आणि त्याला काय लागलेलें असतें तें. तो पाहणारें माणूस घरांत बहुधा असतेंच. त्याला विचारावें.

काळा चाकू अडतीच्या मेजावर गेला. तेथें दिवसभर पोत्यांची सुतळी कापतो, आणि चुना त्याच्या वाटेस जात नसल्यामुळें उत्तम आहे. पितळी चाकू कपाटांतून बाहेर आला. आतां तो देवघराच्या फळीवर असतो. यंदा खंडेनवमीला पाटावर विळी, अडकित्ता, आजोबांचा चाकू आणि हा नवा, असे ओळीनें मांडले. वहिनींनीं हळदकुंकू वाहिलें, झेंडूचीं फुलें ठेविलीं. पूजा आटोपल्यावर आमची कन्या नव्या चाकूकडे पाहत म्हणाली, “आजोबा, पुढें हा मला द्याल?”

अण्णांनीं चाकू उचलला, धोतराच्या सोग्यानें कुंकू पुसलें, आणि खिशांत टाकला.

“देईन,” ते म्हणाले. “पण घाई करूं नकोस. अजून माझें काम चाललें आहे.”